अबदिल्दाच्या बागेची वाटणी

माझे सासरे वारले तेव्हा त्यांच्यामागे वाटण्यासारखी एकच वस्तू होती, चांदीच्या टिकल्या ठोकलेलं खोगीर. जमीन कोलखोजची, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीची, घोडे कोलखोजचे, तळ्याकाठची जर्दाळूची झाडंसुद्धा कोलखोजची. चार मुलगे खोगिराभोवती बसले, चहा प्यायले, आणि थोरला धाकट्याला म्हणाला, "तूच घे. घोड्यावर असाही पोत्यासारखा बसतोस, निदान खाली तरी काही चांगलं असू दे." झाली वाटणी. आम्ही सुना तोंडाला रुमाल लावून हसलो, आणि दुखवट्याच्या घरात हसलो म्हणून सासूबाईंनी आम्हाला दिवसभर शेण गोळा करायला धाडलं.

त्या काळची माणसं थोर होती असं मी म्हणत नाही. भांडायला काही नव्हतं, एवढंच. पुढं सोव्हियत राज्य गेलं, कोलखोज मोडलं, माणशी जमीन वाटून मिळाली, आणि हलकटपणा करण्यासारखं काहीतरी आमच्या गावाच्या हाती पहिल्यांदा आलं.

अबदिल्दा माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, वयानं माझ्याहून लहान दीर. आमच्या दोन घरांमध्ये एकच मातीची भिंत. त्याच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे उतारावरचा दगडांचा सडा. वरच्या अंगानं पाण्याचा पाट, खाली रस्त्यालगत गवताची सपाट पट्टी, रस्ता ओलांडला की तळं. त्या वेळी तळ्याची किंमत कुणाला नव्हती. ज्यांना पाटाजवळची काळी माती मिळाली ते खूश होते आणि अबदिल्दाला चिडवत होते, "काय रे, यंदा दगडांचं पीक कसं आहे?" तो म्हणायचा, "भरघोस. पोती आणा."

दगड उचलता उचलता त्याची बायको गेली. मग धाकटा मुलगा एसेन बरोबर उचलू लागला. आमच्यात आईबापांचं घर धाकट्याचं. थोरले आपापला संसार मांडून बाहेर पडतात, धाकटा चूल राखतो. एसेननं लग्न केलं, खिंडीपलीकडची शायिर घरात आली, मुलगी झाली, आणि ती पाळण्यात असतानाच एसेनचा ट्रक त्याच खिंडीत दरीत गेला.

सगळ्यांना वाटलं, शायिर आता माहेरी जाईल. कुठल्या माहेरी? आई नाही, सावत्र भाऊ दोन, त्यांच्या बायका दारात उभ्या. आणि मुलगी या घराची, ती इथंच राहायची. शायिर राहिली. सासऱ्याबरोबर दगड उचलू लागली.

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्याकडे पाठ करून वळत नाही, त्याच्याशी तोंड वर करून बोलत नाही. या दोघांनी त्यावर एक तोड काढली होती. शायिर झाडाशी बोलायची. "अगं, ही फांदी यंदा मोडणार, खाली टेकू हवा." अबदिल्दा दोन झाडांपलीकडे पाठमोरा उभा असायचा, ऐकल्यासारखं दाखवायचा नाही, आणि दुपारी टेकू लागलेला असायचा. मी भिंतीवरून बघत असे. इतकं सुरळीत बोलणं माझं माझ्या नवऱ्याशी उभ्या जन्मात झालं नाही. बारा-तेरा वर्षं ती दोघं अशी झाडांच्या मध्यस्थीनं बोलली, आणि त्या दगडांतून अशी बाग उभी राहिली की फुलांच्या दिवसांत तळ्यावरून येणारे लोक गाडी थांबवून फोटो काढायचे.

बाकीची दोन मुलं होती. थोरला ताशतेमिर राजधानीत, परदेशातून जुन्या मोटारी आणून विकायचा. पोट पुढं, बूट चकाकते. त्याच्या पाठची गुलसून तालुक्याच्या गावात लग्नाचे पोशाख भाड्यानं द्यायची. दोघांनी त्या जमिनीतला एक दगड उचललेला मी पाहिला नाही. जुलैत मात्र न चुकता यायची, जर्दाळूच्या पेट्या भरून न्यायची, आणि जाताना शायिरला सांगायची, "म्हाताऱ्याकडे लक्ष दे हं." जणू त्यांनीच तिला कामाला ठेवलं होतं.

अबदिल्दा गेला तो पानं पिवळी पडताना. अंगणात युर्ट, लोकरीच्या नमद्यांचा गोल तंबू, उभा राहिला, त्यात त्याला डाव्या अंगाला पडद्याआड ठेवलं. आम्ही बायका आत भिंतीकडे तोंड करून विलाप गात होतो. बाहेर पुरुष कमरेला पट्टे बांधून, काठीवर वाकून रडत होते. ताशतेमिरचं रडणं वेगळं ऐकू येत होतं. मध्येच थांबायचं, कोण आलं ते बघायचं, आणि पाहुणा वजनदार असला की जोरात सुरू व्हायचं. गुलसूनला विलाप येत नव्हता. आजकाल कुणाला येतो? ती आपली प्रत्येक कडव्याच्या शेवटी "बाबा हो" एवढंच जोडत होती, आणि अधूनमधून भिंतीवरच्या नमद्यांवरून हात फिरवत होती. नक्षीचे नमदे होते ते, तिच्या आईच्या हातचे. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला ते तिच्या गाडीत गेले.

नमाजासाठी माणसं रांगेत उभी राहिली. आमच्या मोल्दोनं, म्हणजे मुल्लानं, विचारलं, हा माणूस कसा होता? सगळे म्हणाले, चांगला होता. हे नेहमीचंच. मग त्यानं पुढचं विचारलं. मेलेल्यावर कुणाचं काही देणं असेल, त्यानं कुणाला शब्द दिला असेल, तर ते आज कोण अंगावर घेतो? इथं थोरल्या मुलानं पाऊल पुढं टाकून म्हणायचं असतं, माझ्याकडे मागा. एवढं म्हटल्याशिवाय मेलेला माणूस हलका होत नाही. आमच्या आठवणीत असं कधी झालं नाही की हे विचारलं आणि उत्तर आलं नाही. गावातला नंबर एकचा दारुडा, ज्यानं बापाची गाय विकून प्यायली, तोसुद्धा त्या दिवशी झुलत झुलत पुढं आला होता आणि म्हणाला होता, माझ्याकडे मागा.

ताशतेमिर बुटांकडे बघत राहिला.

त्याला माहीत होतं, बाप सढळ होता. कुणाला शिंगरू कबूल केलेलं, कुणाकडून पाण्याच्या पाळ्या उसन्या घेतलेल्या. मोल्दोनं पुन्हा विचारलं. आत युर्टमध्ये आमचा विलाप हळूहळू थांबला. बाहेर कुणाचं तरी घोडं लगाम चावत होतं, तेवढाच आवाज. माझ्या शेजारी शायिर भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिनं मान वळवली नाही. तशीच, नमद्याच्या भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "माझ्याकडे मागा." आणि कुणी ऐकलं नसेल म्हणून आणखी मोठ्यानं, "या घरावरचं सगळं माझ्याकडे मागा."

बाई असं बोलत नाही. मोल्दो गोंधळला. पाटावरचं पाणी सोडणारा म्हातारा सातार पुढं होता, तो म्हणाला, "ऐकलं आम्ही. नमाज चालू करा, त्याला ताटकळत ठेवू नका." मी युर्टच्या फटीतून पाहिलं. ताशतेमिरच्या चेहऱ्यावर अशी सुटका होती, की तशी बापाच्या मयताला मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही.

लोक मग वर्षभर येत राहिले. सातारला शिंगरू गेलं, कारण अबदिल्दानं ते दगड वाहायच्या बदल्यात कबूल केलं होतं. वरच्या आळीच्या माणसाला पाण्याच्या पाळ्या परत गेल्या, ऐन उन्हाळ्यात, आणि शायिरची खालची झाडं तेवढे दिवस तहानलेली राहिली. कुणाचे छपराचे पत्रे होते, कुणाची करवत. शायिर कुणाला "खरंच का?" असं विचारायची नाही. मी म्हटलं, "अगं, दोघं-तिघं खोटं सांगून जातील."

"जाऊ देत, एजे," ती म्हणाली. गावात सगळे मला एजेच, म्हणजे ताईच, म्हणतात. "त्यांचं ओझं त्यांच्यापाशी. बाबांचं राहायला नको."

चाळिसाव्याला थोरली दोन्ही आली. जेवण झाल्यावर ताशतेमिर खालच्या पट्टीवर हात पाठीमागे बांधून चालत होता. मला वाटलं, बापाची आठवण येत असेल. तो फोन कानाला लावून कुणाला तरी सांगत होता, "हो, अगदी रस्त्याला लागून. पाणी? समोर अख्खं तळं आहे की."

मी शायिरला त्याच संध्याकाळी म्हटलं, "जमिनीचं बोल. कागद तुझ्या मुलीच्या नावानं करून घे."

"वर्ष होऊ दे, एजे. आश झाल्यावर बोलू."

आश म्हणजे वर्षाचं जेवण. ते होईपर्यंत मेलेला माणूस घरातच आहे असं आम्ही मानतो, आणि त्याच्या देखत त्याच्या मालमत्तेचा विषय काढणं म्हणजे त्याच्या ताटातलं ओढण्यासारखं. मीसुद्धा गप्प बसले. बरोबरच होतं तिचं. सगळ्या गावानं हेच सांगितलं असतं.

पण कायदा राजधानीत बसून लिहिलेला. त्याला सहा महिने माहीत, वर्ष माहीत नाही. सहा महिन्यांत नोटरीकडे जाऊन "मी वारस" असं म्हणायचं, नाहीतर हक्क बुडाला. ताशतेमिर आणि गुलसून पहिल्याच महिन्यात गेली होती, चाळिसाव्याच्याही आधी. बापाची माती ओली होती. तिथं दोघांनी मिळून सांगितलं की आम्ही दोनच मुलं. मेलेल्या भावाची मुलगी आहे, हे सांगायचं दोघांच्याही लक्षातून गेलं. चारशे पोशाखांतला कुठला कुणाकडे गेलाय हे गुलसूनला तोंडपाठ असतं.

शायिरला हे कळलं ते वसंतात, बाग फुलांनी पांढरी झालेली असताना. कोर्टाचा माणूस समन्स घेऊन आला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, भाऊ-बहीण एकमेकांवरच कोर्टात गेले होते. त्याला सगळं एकत्र विकून पैसे हवे होते, तिला रस्त्याकडची बाजू वेगळी तोडून हवी होती. दुसरं, घरात राहणाऱ्या शायिरनं मुलीसह घर रिकामं करावं. या दुसऱ्या मुद्द्यावर मात्र भावाबहिणीचं एकमत होतं.

तिनं मला कागद वाचायला दिला. माझं वाचून झालं तरी ती उभीच.

"म्हणजे मला जायचं का?" तिनं विचारलं.

"कुठं जाणार?"

"तेच विचारतेय."

तालुक्याचं कोर्ट बाजाराच्या मागे आहे. आम्ही सकाळी मिनीबसनं गेलो. मी साक्षीदार म्हणून, सातार साक्षीदार म्हणून, आणि शायिर ठिगळाला ठिगळ जोडून शिवलेल्या जुन्या काळ्या झग्यात. बाहेरच्या बाकावर ताशतेमिर बसला होता. आम्हाला बघून उठला नाही. मी म्हटलं, "काय रे, गुडघे दुखतात का?" तेव्हा उठला.

"या, एजे. तुम्हाला कशाला त्रास दिला हिनं. घरातलं होतं, घरात मिटवलं असतं."

"घर तर तू रिकामं करायला सांगितलंस. मग कुठं मिटवणार, ओट्यावर?"

गुलसूनचा वकील तरुण होता, अत्तर लावलेला, मोजे न घातलेला. ताशतेमिरचा वकील जाडा, सारखा घाम पुसणारा. दोन्ही वकील एकमेकांचे मेहुणे निघाले. आत न्यायाधीश होती, आमच्यासारखीच बाई, गळ्यात चष्मा अडकवलेली. तिच्या टेबलावर फायलींची चळत, आणि त्या फायलींत, सातार नंतर म्हणाला, तळ्याभोवतीचे सगळे मेलेले म्हातारे एकावर एक झोपलेले.

शायिरला पहिला प्रश्न तोच आला. "सहा महिन्यांत नोटरीकडे का गेला नाहीत?"

"वर्ष व्हायचं होतं."

न्यायाधीशबाईनं मान वर केली नाही. तिला कळलं नव्हतं असं नाही. तिच्याही घरात कुणी मेलं असेल. ती म्हणाली, "कायद्यात वर्ष नाही."

"हो. मला आत्ता कळलं," शायिर म्हणाली.

ताशतेमिरच्या वकिलानं घाम पुसला. मला वाटलं, संपलं. त्या खोलीत नकाशे पसरले होते, जमिनीचे, रंगीत रेघांचे, आणि एकाही रेघेत एसेनची मुलगी नव्हती. रस्त्याकडची बाजू कुणाला यावरून दोन मेहुणे तावातावानं बोलू लागले. गुलसून मध्येच भावाला म्हणाली, "तुझ्या लग्नात बाबांनी दोन गाया विकल्या. माझ्या लग्नात काय दिलं? एक शिलाई मशीन."

"त्याच मशीनवर दुकान उभं राहिलं ना तुझं?"

"आणि तुझ्या गाया कुठं गेल्या? पोटात."

न्यायाधीशबाईनं टेबलावर बोटं वाजवली. तेव्हा गुलसून आणखी काहीतरी मिळवायच्या नादात शायिरवर घसरली. म्हणाली, या बाईनं वर्ष व्हायच्या आत बापाचा माल वाटून टाकला. शिंगरू दिलं. पत्रे दिले. पाण्याच्या पाळ्या लोकांना देऊन टाकल्या. सगळं आमच्या वाटणीतलं, त्याची भरपाई हवी.

"शिंगरू का दिलं?" न्यायाधीशबाईनं शायिरला विचारलं.

"बाबांनी सातार काकांना कबूल केलं होतं."

"तुम्हाला कुणी द्यायला सांगितलं?"

शायिर काही बोलायच्या आत ताशतेमिर उभा राहिला. त्याला भीती अशी, की ही देणी आता वाटणीत धरली तर आपल्यालाही भरावी लागतील. तो म्हणाला, "मॅडम, तिला कुणीच सांगितलं नाही. तीच मयताच्या दिवशी युर्टमधून ओरडली, सगळं माझ्याकडे मागा म्हणून. अख्ख्या गावानं ऐकलं. आमचा काही संबंध नाही. ती देणी तिची."

जाडा वकील त्याच्या कोटाची बाही ओढत होता. ताशतेमिर हात झटकून पुढं बोलत होता, "विचारा साक्षीदारांना. मी एक शब्द बोललो नाही तिथं."

"एकही नाही?" न्यायाधीशबाईनं विचारलं.

"एकही नाही," तो म्हणाला. छाती काढून म्हणाला.

आता न्यायाधीशबाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा आम्हा सगळ्यांकडे नीट पाहिलं. मग सावकाश, शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, की वारस नोटरीकडे गेला नाही तरी, त्यानं मुदतीत घर सांभाळलं असेल, जमीन कसली असेल, मेलेल्याची देणी स्वतः फेडली असतील, तर त्यानं वारसा स्वीकारला असंच धरतात. आई मुलीच्या वतीनं ते करू शकते. "आणि इथं तर," ती ताशतेमिरला म्हणाली, "तुम्हीच सांगताय की तिनं मयताच्या दिवशीच स्वीकारला. सगळ्या गावासमोर. तुम्ही गप्प होता तेव्हा."

माझी साक्ष झालीच नाही. मी नवा रुमाल बांधून गेले होते.

निकाल उन्हाळ्याच्या शेवटी लागला. किमतीनं तीन सारखे हिस्से. घर आणि त्याला लागून वरचा उतार, झाडांसकट, शायिरच्या मुलीला. खालची सपाट पट्टी निम्मी-निम्मी भावाला आणि बहिणीला. रिवाजानं सगळंच त्या मुलीचं होतं, म्हणून शायिर जिंकली असं मी कधी म्हणत नाही. त्या पट्टीचं गवत गेल्यामुळं तिनं गाय विकली. पण छप्पर राहिलं, आणि झाडं राहिली. त्या दिवशी ती बागेत गेली आणि बराच वेळ बोलत होती. काय ते मी ऐकलं नाही. भिंतीवरून खाली उतरले.

खाली मात्र मजा सुरू झाली. मोजणीवाल्यानं खुंट्या ठोकल्या, आणि दुसऱ्या दिवशी गुलसूननं तारेचं कुंपण घातलं. ताशतेमिरला वाटलं तार त्याच्या हद्दीत बोटभर आली आहे. म्हणून त्यानं आपल्या बाजूनं दुसरी तार घातली. दोन्ही तारांमध्ये एवढी फट राहिली की त्यात सातारची कोंबडी अडकली आणि दोन दिवस कुणी काढेना, कारण फट कुणाच्या मालकीची ते ठरलं नव्हतं. शेवटी सातारनंच तार कापून काढली आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. गिऱ्हाईक आलं, बघून गेलं. म्हणालं, तारा काढा, दोन्ही तुकडे मिळून असतील तर घेतो. दोघांपैकी कुणीही आधी तार काढेना.

आणि वर्ष भरलं. आशचे दिवस आले.

पूर्वी आशला चार गावं यायची, युर्टांची रांग लागायची, घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. अबदिल्दाच्या बापाच्या आशला, लपूनछपून केलेल्या, पार्टीचा सेक्रेटरीसुद्धा मागच्या दारानं येऊन जेवून गेला होता. युर्ट मांडायला सपाट जागा लागते. सपाट जागा आता तारेच्या आत.

ताशतेमिरचा फोन आला. शायिरनं मला ऐकवला. तो म्हणत होता, "आश माझ्या पट्टीवर करू. थोरला मुलगा मी, पाहुणे मीच घेणार. फक्त गवत तुडवलं जाईल त्याचं काय ते आपण बघू." अर्ध्या तासानं गुलसूनचा फोन. तिचंही तेच, आणि वर, "त्याच्याकडे एक जरी घोडा बांधला तर मी येणार नाही."

"दोघांनी आपापल्या जागी बसा की, बाइके," शायिरनं ताशतेमिरला उलट फोन करून सांगितलं. बाइके म्हणजे दादा. "मी वरच चूल मांडते."

तिनं घोडी कापली. आम्ही शेजारणींनी पिठं मळली, बोरसोक तळले. झाडांमध्ये उतारावर चादरी अंथरल्या. वाडगा ठेवला की तो हळूहळू खाली सरकायचा, म्हणून प्रत्येकानं गुडघ्याला टेकवून ठेवायचा. सातार म्हणाला, "बरंय, म्हातारा बघतोय, चहा सांडला नाही पाहिजे."

खाली दोन तंबू उभे होते. ताशतेमिरनं शहरातून भाड्याचा पांढरा मांडव आणला होता, आणि दारावर बापाचा फोटो, दारापेक्षा मोठा, खाली सोनेरी अक्षरांत स्वतःचं नाव. गुलसूननं युर्ट उभारला होता, आत तेच आईचे नमदे. मध्ये दोन तारा. भाऊ आपल्या दाराशी पोटावर हात बांधून उभा, बहीण आपल्या दाराशी. येणाऱ्या पाहुण्यांचं तोंड आपल्याकडे वळावं म्हणून दोघंही आलटून पालटून रडत होती.

पाहुणे आले. घोड्यांवरून आले, गाड्यांतून आले. आशला आलेला माणूस मेलेल्याची चूल शोधतो. धूर बघतो आणि तिकडे जातो. पहिला घोडेस्वार रस्त्यावर थांबला, एका तंबूकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, वर झाडांतून निघणारा धूर बघितला आणि लगाम वळवला. त्याच्यामागे बाकीचे. कुणी ठरवलं नव्हतं. मोल्दो मात्र क्षणभर घुटमळला. पांढऱ्या मांडवात खुर्च्या होत्या आणि त्याला पाठदुखी आहे. मग तोही काठी टेकत वर आला.

दुपार झाली. मांस वाटायची वेळ आली. प्रत्येकाच्या वयाचं, नात्याचं हाड ठरलेलं. चुकलं तर अपमान. सातार वाटत होता. थोरल्या मुलाचं कमरेचं हाड त्यानं बाजूला काढलं आणि शायिरकडे बघितलं.

"ते त्यांचंच आहे," शायिर म्हणाली. "आले की द्या."

गुलसून आली नाही. आपल्या युर्टमध्ये बसून राहिली आणि संध्याकाळी नमदे गुंडाळून गेली. ताशतेमिर आला. चढण चढताना त्याला दम लागला, चकाकत्या बुटांनी तो दोनदा घसरला, आणि कुणी हात दिला नाही. झाडांखाली सगळीकडे माणसं बसलेली. मानाच्या जागी म्हातारे, त्यांच्याजवळ सातार, मोल्दो. दर वेळी ताशतेमिर बापाच्या घरात शिरला की सरळ तिथं जाऊन बसायचा. आता तो चादरीच्या कडेला उभा राहिला. बोलणं थोडं मंदावलं, थांबलं नाही.

त्यानं इकडे तिकडे पाहिलं. मग चुलीपाशी आला, जिथं शायिर डेगीत पळी फिरवत होती.

"शायिर," तो म्हणाला, "मी कुठं बसू?"

थोरल्या दिरानं सुनेला हे विचारलेलं मी माझ्या एवढ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. माझ्या हातातला बोरसोक तसाच राहिला.

शायिरनं सुनेनं करायचा तेवढा वाकून मान दिला. मग पळीनं खालच्या ओळीच्या टोकाला एक जागा दाखवली, जिथं उतार जास्त आहे.

"तिथं बसा, बाइके," ती म्हणाली. "वाडगा मात्र धरून ठेवा."